माझ्या वायरी त्याच्या गळ्यात

मी मेगर बोलतोय. नाव ऐकून डोकं खाजवू नका. मोटर वाइंडिंगच्या दुकानात बाजूला हँडल असलेला काळा डबा असतो ना, तोच मी. मोटरीच्या पोटात तांब्याच्या तारा गुंडाळलेल्या असतात. त्यांतली वीज बाहेरच्या लोखंडी बॉडीत उतरतेय का, ते मी सांगतो. उतरत असेल, तर हात लावणारा माणूस चिकटलाच म्हणून समजा.

माझं काम सरळ आहे. एक वायर तारांना लावायची, एक बॉडीला, आणि हँडल घरघर फिरवायचं. काटा अनंताकडे गेला की मोटर पास, शून्याकडे लोळला की नापास.

मालकिणीनं मला घेतलं तेव्हा दुकानही नवं होतं आणि तीही. तिचा हात एकसारखा फिरायचा, ना घाई ना झटके. तिचा एक नेम होता. मोटरीला लावण्याआधी ती माझ्याच दोन वायरींची टोकं एकमेकांना टेकवायची आणि हळूच हँडल फिरवायची. काटा शून्यावर आला की म्हणायची, "हं, शुद्धीवर आहेस. आता दुसऱ्याचं बघ." वायर आतून तुटलेली नाही ना, याची ती खात्री. गिऱ्हाइकांसमोरही ती माझ्याशी असं बोलायची आणि मला फार बरं वाटायचं.

मग घरात सून आली. वाइंडिंगमध्ये तीही पटाईत, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण तिनं डिजिटल मीटर आणला! बटण दाबायचं आणि आकडा वाचायचा, झालं काम. पिवळा, गुबगुबीत, आणि वर चेनची पिशवी. मला उभ्या आयुष्यात पिशवी मिळाली नाही हो, मी वार्निशचे थेंब अंगावर घेऊन जगलो. मी पुरुष जातीचा, तरी मला सवतच आली म्हणा ना. त्याला बघितलं की नुसता जळफळाट व्हायचा. त्यात एकदा मालकीण म्हणाली, "याच्यानं हात दुखत नाही बाई." ते अजून बोचतं मला.

शेवटी सुनेनं मला भंगाराच्या पेटीत टाकलं, झिजलेल्या बेअरिंगांच्या मांडीला मांडी लावून. संध्याकाळी भंगारवाला यायचा होता.

त्याच दुपारी लॉन्ड्रीवाली तिची मोटर न्यायला आली.

"झाली का हो ताई? कपड्यांचा डोंगर झालाय. गिऱ्हाइकं जीव खातायत नुसती."

सुनेनं पिवळ्याला जोडलं, बटण दाबलं. "फुल्ल पास! आकडा मावत नाहीये त्यात."

झालं, आता डोक्यावर घ्या त्याला, मी पेटीतून म्हटलं.

पण मालकीण वाकून मोटरीचा वास घेत होती. "वार्निश ओलंच आहे की गं. सुकवायच्या भट्टीतून कधी काढलीस?"

"सकाळी. यांची घाई होती म्हणून जरा लवकर."

"ओल असली की वीज बॉडीत झिरपतेच. मग ओली मोटर इतकी छान कशी? याच्या वायरी टेकवून बघितल्यास?"

"अहो आई, नवीन मीटर आहे. त्याचं काय टेकवायचं?"

"माझा कुठाय?"

माझा! ऐकलंत ना? मालकिणीनं मला पेटीतून उपसलं, बाहीनं माझी काच पुसली, टोकं टेकवली. शून्य. मग मोटरीला लावून हँडल फिरवलं, तर काटा शून्याकडे असा घसरला की लॉन्ड्रीवाली मागेच सरली.

"अगं बाई! ओल्या हातानं दिवसभर तिलाच टेकून असते मी!"

खरं सांगतो, तिचा जीव वाचला याचा मला आनंद झालाच. पण पिवळ्याचं नाक कापलं गेलं, त्याचा जास्त झाला.

सून गोरीमोरी झाली. पण हुशार पोरगी. पिवळ्याची वायर हातात धरून तिनं थोडी थोडी वाकवून बघितली आणि पिनेजवळ थांबली. "आतून तुटलीये, आई. मीटर मोटरीपर्यंत पोचतच नव्हता, मग नापास कोण करणार? चुकलं माझं."

"मोटर भट्टीत टाक परत," मालकीण म्हणाली. मग तिनं माझ्याकडे बघितलं. मी मनातल्या मनात टेबलावरची जागासुद्धा निवडली.

"याच्या वायरी दणकट आहेत," ती म्हणाली. "काप, आणि तुझ्या मीटरला जोड."

काप! इतक्या वर्षांच्या संसारात एवढंच काय ते ऐकायचं राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी मोटर सुकली. माझ्या वायरी गळ्यात घालून पिवळ्यानं ती पास केली, दशांशासकट. लॉन्ड्रीवालीनं मोटर नेली आणि जाताना कौतुक केलं ते त्याचं.

भंगारवाल्याला मात्र मालकिणीनं मला दिलं नाही. "हा राहू दे," एवढंच म्हणाली. आता मी खिडकीजवळच्या फळीवर असतो. जाता-येता ती माझ्या हँडलला एक गिरकी देते. वायरी नाहीत, त्यामुळे काटा आपला अनंतावर जातो आणि मला सगळं जग पास दिसतं.

आणि सून? प्रत्येक मोटरीआधी ती टोकं टेकवते, आकडा बघते आणि त्या पिवळ्याला म्हणते, "हं, शुद्धीवर आहेस."

अहो, त्या दुकानात कधी गेलात, तर माझं एक काम करा. त्या वायरी माझ्या आहेत, एवढं फक्त त्याला सांगा.