मेरेरिदच्या कॅमेऱ्याची तिवई

मी एक जुनी तिवई आहे. कॅमेरा ठेवायची तिवई. शहरातले लोक मला ट्रायपॉड म्हणतात, म्हणोत बापडे. मित्रांनो, आपली कहाणी सांगायला बसलेल्या जुन्या वस्तू बहुधा रडगाणे गातात. मी गाणार नाही. रडण्यासारखे काही घडलेच नाही असे नाही, पण माझ्याजवळ मिरवण्यासारखे जास्त आहे. आजवर माझ्या डोक्यावर चार कॅमेरे बसले. एकाची झडप अडकली, एकात पाणी शिरले, एक चिखलात पडला. चौथ्याचे पुढे सांगेन. मी मात्र होते तीच आहे.

माझा जन्म वेल्सच्या डोंगरातला. हावोद नावाच्या शेतावर इदवल नावाचे सुतार राहत. गवत ओढायची लाकडी दाताळी करण्यात त्यांचा हात धरणारा खोऱ्यात दुसरा कोणी नव्हता. त्यांची मुलगी मेरेरिद मेंढ्या राखायची आणि आभाळाकडे पाहत बसायची. अंडी विकून तिने एक जुना कॅमेरा घेतला. पहाटेचे आभाळ टिपायला गेली की चित्र पुसट यायचे. मग ती वडिलांकडे आली.

"बाबा, मला तीन पायांचं काहीतरी करून द्या. कॅमेरा ठेवायला."

"धार काढताना बसतो तसली तिवई?"

"उंच हवी. माझ्या हनुवटीएवढी. आणि पाय लांब-आखूड करता आले पाहिजेत."

"म्हणजे तीन दाताळ्यांचे दांडे आणि दात एकही नाही! लोक हसतील मला."

"हसू देत. मी त्यांचे फोटो काढीन."

इदवलनी ॲशच्या झाडाचे वाळलेले लाकूड निवडले. पायात पाय सरकेल अशा खाचा पाडल्या, पितळेचे स्क्रू बसवले आणि तळाला लोखंडी टोके ठोकली. मला जमिनीवर उभे करून ते माझ्यावर दोन्ही हातांनी रेलले. मी हलले नाही. जेवायला बसताना त्यांनी मला आत आणून चुलीजवळ ठेवले. दाताळ्यांना हा मान कधी मिळाला नव्हता.

मग आमची कामाची वर्षे सुरू झाली. उतारावर मला कसे उभे करायचे हे मेरेरिद एका दिवसात शिकली. एक पाय चढाकडे, दोन उताराकडे. आमच्या खोऱ्यात शरद ऋतूत, रात्र निरभ्र आणि थंड गेली की सकाळी खाली धुके साचते. वर डोंगरावर ऊन आणि पायाखाली ढगांचा समुद्र. मेरेरिद उठल्याबरोबर पलीकडच्या शेतावरच्या शेजाऱ्याच्या, एल्वेदच्या, धुराड्याकडे बघायची. धूर वर न जाता आडवा पसरला असेल तर न्याहारी तशीच टाकून मला खांद्यावर घ्यायची. गारा, बर्फ, दुहेरी इंद्रधनुष्य, दूरच्या कड्यावर उतरणारी वीज, सगळे मी पेलले आहे. चांगले चित्र आले की लोक कॅमेऱ्याचे नाव विचारायचे. माझे कोणी विचारले नाही, पण माझ्याशिवाय ते चित्र आले असते का, हे तुम्हीच सांगा.

एकदा मात्र फजिती झाली. वारा सुटला होता. अशा वेळी माझ्या पोटाखालच्या आकड्याला काहीतरी जड लटकवतात, म्हणजे मी डुलत नाही. मेरेरिदजवळ दगड भरायला पिशवी नव्हती. तिने मेंढ्यांच्या पेंडीची अर्धी गोणी लटकवली. प्लॅस्टिकची गोणी वाऱ्यावर कुरकुर वाजू लागली. हा आवाज डोंगरावरच्या मेंढीला जेवणाच्या घंटेसारखा असतो. जन्मभर मेंढ्या राखलेल्या बाईला हे ठाऊक नव्हते का? पण ढग पाहिले की तिचे भान हरपायचे. चहूबाजूंनी मेंढ्या धावत आल्या. पडक्या कुंपणावरून एल्वेदच्याही आल्या. कॅमेरा चिखलात गेला, माझ्या एका पायाला तडा गेला, आणि तरी मी उरलेल्या दोन पायांवर कुंपणाला टेकून उभी राहिले.

एल्वेद धापा टाकत आला. "काय गं, दिवसाढवळ्या माझ्या मेंढ्या पळवतेस?"

"पळवण्यासारख्या असत्या तर पळवल्या असत्या! ही बघ, तीन पायांनी लंगडतेय."

"ती तुझी तिवई आहे."

इदवलनी तड्यावर पितळेची पट्टी बसवली. ती पट्टी अजून चकाकते. मला ती दागिन्यासारखी वाटते.

टीव्हीवर संध्याकाळी हवामानाच्या बातम्यांत लोकांनी पाठवलेले फोटो दाखवतात. आमचा ढगांचा समुद्र तिथे झळकला तेव्हा हावोदचा फोन रात्री जेवणापर्यंत वाजत होता. एल्वेदही हौसेने फोटो काढायचा, त्यामुळे तो स्वतः आला.

"ढग चांगले आलेत," तो म्हणाला. "ढगांचं कौतुक करायला हवं."

"फोटो चांगला आलाय असं म्हणालास तर जीभ झडणार नाही तुझी."

"झडली तर? धोका कशाला?"

दर ऑगस्टला गावचे प्रदर्शन भरते. एका तंबूत मेंढ्या, एकात केक आणि भाज्या, एकात मेंढपाळांच्या कोरीव काठ्या आणि फोटो. 'आपल्या खोऱ्यातले हवामान' या विभागात मेरेरिद आणि एल्वेद दरवर्षी एकमेकांसमोर उभे ठाकायचे. परीक्षक बाहेरगावचा असतो आणि नावे चित्रांच्या मागे झाकलेली असतात. तरी कोणते चित्र कोणाचे हे परीक्षक सोडून सगळ्यांना ठाऊक असते. लाल कार्ड पहिल्याचे, निळे दुसऱ्याचे. आमच्या स्वयंपाकघरात लाल कार्डांची रांग होती.

मग इदवल गेले. मेरेरिदची मुलगी नेस्ता कार्डिफला नोकरीला लागली आणि तिने आईला नवा कॅमेरा आणला. तोच तो चौथा.

"आई, ह्यात हात हलला तरी फोटो हलत नाही. आता ते लाकूड कशाला वाहतेस डोंगरावर?"

ते लाकूड! मित्रांनो, हे ऐकून मला फार वाईट वाटले. मेरेरिदने मला कोपऱ्यात ठेवले, कोपऱ्यातून पडवीत, आणि एका वसंतात पडवीतून थेट परसात नेले. माझे पाय फाकवून घेवड्याच्या वाफ्यात रोवले आणि वेल चढवले. ज्या डोक्यावर आभाळ पेलले, त्यावर शेंगा लोंबू लागल्या. पावसात भिजले, शेवाळ चढले. त्या वर्षी आमच्या घेवड्याला प्रदर्शनात लाल कार्ड मिळाले. इतका सरळ चढलेला घेवडा परीक्षकाने पाहिला नव्हता म्हणे. कसा पाहणार? काम कोणाच्या पायांवर चालले होते!

वाफ्यातून मला स्वयंपाकघराची खिडकी दिसायची. तिथूनच मी ते आधी पाहिले. मेरेरिदचा उजवा हात थरथरू लागला होता. बशीत कप वाजायचा. कोणी आले की ती हात ॲप्रनच्या खिशात घालायची. डॉक्टरांनी त्या थरथरीला नाव दिले, गोळ्या दिल्या, पण हात काही ऐकेना. नव्या कॅमेऱ्याची हुशारी थोडक्या हलण्यापुरती होती. प्रदर्शनात तिच्या चित्राखाली परीक्षकाने लिहिले, 'ढग सुंदर, पण कॅमेरा हलला आहे.' तंबूत कोणीतरी हळूच म्हणाले, "मेरेरिदचं झालं आता."

तिने ते ऐकले. त्या हिवाळ्यात ती डोंगरावर गेली नाही. एल्वेदच्या धुराड्यातला धूर कितीदा आडवा पसरला. ती खिडकीशी येऊन बघायची आणि चहा ओतायला वळायची. चहा सांडायचा. मला वाफ्यात उभे राहून ते बघवत नव्हते.

पुढच्या जुलैत एल्वेद परसाच्या भिंतीवर रेलला. "यंदा काय लावणार प्रदर्शनात?"

"घेवडा."

"घेवडा माझी बायकोही लावते. मी फोटोचं विचारतोय."

मेरेरिदने खिशातून हात काढून त्याच्यासमोर धरला. आजवर तिने तो कोणाला असा दाखवला नव्हता. एल्वेदने आधी हाताकडे आणि मग तिच्या डोळ्यांकडे पाहिले.

"बरं मग? डोळे शाबूत आहेत ना?"

"डोळ्यांनी बटण दाबू?"

"कॅमेरा हातात धरायला कोण सांगतंय तुला? तुझ्या बापानं तुझ्यासाठी काय करून दिलं होतं, आणि तू त्यावर काय चढवलंयस, बघ जरा."

दोघांनी माझ्याकडे पाहिले. मी शक्य तितकी ताठ उभी राहिले. मेरेरिद आत गेली आणि सुरी घेऊन आली. सुट्टीला आलेली नेस्ता मागून धावली.

"आई, अगं थांब! फुलं आलीत त्याला!"

"येऊ देत," मेरेरिद म्हणाली, आणि लाल फुलांनी भरलेले वेल बुंध्याशी कापून टाकले.

तिने मला घासले, पुसले, माझ्या लाकडाला जवसाचे तेल चोळले. हात थरथरत असल्यामुळे तेल सगळीकडे अगदी सारखे लागले. इतके सुख मला इदवलच्या हातांनंतर मिळाले नव्हते.

एका दुपारी खोऱ्याच्या पलीकडे काळे ढग उठले, तेव्हा आम्ही निघालो. मला एल्वेदने खांद्यावर घेतले होते. प्रतिस्पर्ध्याच्या खांद्यावर चढायचे मला जिवावर आले, पण चढण अवघड होती. वर पोचलो तेव्हा पावसाचा करडा पडदा डोंगर पुसत सरकत होता आणि त्याच्या खालून ऊन शिरले होते. मेरेरिदने माझे स्क्रू फिरवायला घेतले. एक बसायला फार वेळ लागला. एल्वेदचा हात पुढे आला.

"हात लावू नकोस."

त्याने हात खिशात घातले.

तिने बटण दाबले तशी सगळी थरथर कॅमेऱ्यात उतरली. चित्र पुसट. पुन्हा दाबले, पुन्हा तेच. पडदा निम्म्या खोऱ्यावर आला होता.

"मी दाबू का?" एल्वेद म्हणाला.

"बोट माझंच लागेल."

तिने कॅमेऱ्यातली थोडे थांबून चित्र घ्यायची सोय सुरू केली, म्हणजे आधी बटण दाबायचे आणि मग हात काढून घ्यायचा. तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला. मित्रांनो, खोटे कशाला बोलू, माझेही पाय थरथरले. ते पाहून एल्वेद वाऱ्याकडे पाठ करून ओल्या गवतात फतकल मारून बसला आणि त्याने कोट दोन्ही हातांनी पसरला.

"यंदा स्पर्धेत माझाही फोटो आहे," तो म्हणाला. "मी इथे बसलो होतो हे कुणाला सांगितलंस तर बघ."

"सांगितलं तरी कुणाला पटणार आहे?"

मेरेरिदने बटण दाबले, मागे सरली आणि एक हात दुसऱ्यात घट्ट धरला. त्या क्षणी कॅमेऱ्याला कोणाचाच स्पर्श नव्हता. तो एकट्या माझ्यावर होता. मी लोखंडी टोके मातीत रुतवली आणि सारे बळ एकवटून उभी राहिले. झडप उघडली, मिटली.

तिने चित्र मोठे करून पाहिले. पलीकडच्या कुंपणाचा दगड न् दगड वेगळा दिसत होता. पावसाची प्रत्येक रेघ होती. "एल्वेद, आलं," ती म्हणाली आणि रडू लागली.

"बघतो, पण आधी मला उठव," एल्वेद म्हणाला.

प्रदर्शनात मेरेरिद मला बरोबर घेऊन गेली. काठी म्हणून नव्हे, मिरवायला. लाल कार्ड खालच्या शेतावरच्या एका बाईंच्या बर्फाच्या फोटोला मिळाले. एल्वेदला काहीच नाही. आमच्या चित्राखाली निळे कार्ड होते, आणि त्यावर परीक्षकाने लिहिले होते, 'कानाकोपऱ्यापर्यंत स्वच्छ. फोटो काढणाऱ्याचा हात अत्यंत स्थिर आहे.'

मेरेरिदने ते मोठ्याने वाचले. तिच्या हातात कार्ड फडफडत होते. एल्वेद आधी खोकला आणि मग दोघे इतके हसले की तंबूतले लोक वळून बघू लागले. परीक्षक अभिनंदन करायला आले आणि त्यांची नजर तिच्या हाताकडे गेली. ते लाजेने लाल झाले.

"माफ करा बाई, मला ठाऊक नव्हतं."

"माफी कसली मागता?" मेरेरिद म्हणाली. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो थरथरत होता, मी थरथरत नव्हते. "तुम्ही अगदी बरोबर लिहिलंय. हात स्थिरच आहे. फक्त त्याला तीन पाय आहेत."

मित्रांनो, तुमच्या घरात एखादी जुनी वस्तू कशाच्या तरी वेलाखाली उभी असेल, तर ती पुसून कोरडी ठेवा. आणि तुमच्यापैकी कुणाचा हात थरथरू लागला, तर तो खिशात लपवू नका. त्याखाली माझ्यासारखे काहीतरी उभे करा.