तात्पुरता बदल

सुश्रुतला त्या शुक्रवारी लंडनमधल्या हॅरोच्या मराठी मंडळात नाटकाच्या तालमीला पोचायचं होतं, म्हणून त्यानं वीस मिनिटांचं काम दोन मिनिटांत उरकलं. एवढ्यावरून जन्माची रुखरुख लागेल असं कुणी म्हटलं असतं, तर गडी हसला असता.

त्याची कंपनी औषधांच्या दुकानांसाठी ऑनलाइन ऑर्डरची सेवा चालवायची. तिथला नियम साधा होता: सर्व्हरला थेट हात लावायचा नाही. बदल सामायिक फाइलीत लिहायचा, दुसऱ्यानं तपासायचा, मग सिस्टिम तो सगळीकडे नेणार आणि फाइलीत नसलेलं सारं पुसून टाकणार. टीमला हे घसा फोडून शिकवणारा सुश्रुतच. पण त्या दिवशी ऑर्डरी अडकत होत्या. त्यानं सगळ्यांच्या एकाच लॉगिनवरून सर्व्हरवरच ऑर्डरीच्या उत्तरासाठी थांबण्याची मुदत वाढवली, सवयीनं शेजारी इंग्रजी अक्षरांत ‘तात्पुरतं’ लिहिलं आणि ट्यूब पकडली. सोमवारी फाइलीत टाकू, म्हणाला. सोमवारी विसरला.

बुधवारी अक्षयानं पानावरचा लोगो बदलला, अगदी नियमानं. नागपूरची ही मुलगी अजून प्रोबेशनवर होती. तिला हॅरोत खोली सुश्रुतनंच बघून दिली होती, कुकर त्याच्या बायकोनं, स्वरालीनं. तिचा बदल न्यायला सिस्टिम चालली आणि जाता जाता सुश्रुतची मुदत पुसून गेली. अर्धा दिवस एकही ऑर्डर पुढे सरकली नाही. म्हातारी माणसं दुकानांतून रिकाम्या हातानं परतली.

मीटिंगमध्ये मॅनेजरनं विचारलं, “सर्व्हरवर कुणी मॅन्युअली काही चेंज केलं होतं का?”

उत्तर सुश्रुतच्या जिभेवर होतं. पण मार्चमध्ये त्याचा कायमच्या वास्तव्याचा अर्ज जायचा होता. नोकरी गेली तर पाच वर्षं पाण्यात. तो ग्लास उचलून पाणी प्यायला. नोंदीत शेवटचा बदल अक्षयाचा होता. तिला प्रोबेशनमध्येच काढून टाकलं. व्हिसाच्या नियमानं साठ दिवसांत दुसरी नोकरी, नाहीतर नागपूर.

ती कुकर परत द्यायला आली.

“अगं, राहू दे ना तुझ्याकडे,” स्वराली म्हणाली.

“नको वहिनी. रिंग नवीन टाकलीय हं.” मग दारातून, “येते, दादा.” सुश्रुतला मान वर करवली नाही. लाज वाटत होती, आणि सुटल्यासारखंही. त्याचीच जास्त लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी, तिनं जाण्याआधी पाठवून ठेवलेला शेवटचा बदल तपासायला त्याच्याकडेच आला. तिनं त्याची मुदत फाइलीत घातली होती, आकड्यासकट. खाली इंग्रजी अक्षरांत मराठी टीप होती. ती वाचता येणारी माणसं टीममध्ये दोनच.

‘पुसलेल्याची प्रत सिस्टिम ठेवते, दादा. त्यातलं ‘तात्पुरतं’ मीटिंगच्या आधीच वाचलं होतं. वहिनींना सांगू नका. मार्च नीट पार पडू दे.’

साठांपैकी अजून बावन्न दिवस हातात होते. मॅनेजर चार टेबलांपलीकडे चहा पीत बसला होता. सुश्रुतनं बदल मंजूर केला, आणि मार्चपर्यंत तोंड उघडलं नाही.