प्लगबाईंची शिकवण

टायपिंग क्लासच्या बाईंना सगळे पाठीमागे प्लगबाई म्हणायचे, आणि बाईंना ते ठाऊक होतं. आवडतही होतं. नाव पडलं ते त्यांच्या शिकवण्याच्या पद्धतीवरून. विद्यार्थी मान खाली घालून टाइप करत असला की बाई पावलं न वाजवता मागून यायच्या आणि भिंतीतला प्लग खसकन उपटायच्या. पडदा काळा. सेव्ह केलेलं नसेल, तर सगळी मेहनत पाण्यात! मुसमुसणाऱ्या पोरींना त्या एकच वाक्य ऐकवायच्या, "रडतेस काय? दुसऱ्यांदा लिहिलेलं पहिल्यापेक्षा चांगलंच होतं." त्यांच्या हाताखालून गेलेला माणूस जन्मभर ओळीओळीला सेव्ह करायचा. या गोष्टीचा बाईंना कोण अभिमान!

पोटच्या मुलालाही त्यांनी सोडलं नव्हतं. त्याचे बाबा दवाखान्यात होते, तेव्हा त्यांना वाचून दाखवायला म्हणून त्याने एक लांबलचक गोष्ट टाइप केली होती. ती शेवटाला आली आणि बाईंनी प्लग काढला. बिचारा पुन्हा पहिल्यापासून लिहायला बसला. गोष्ट पुरी व्हायच्या आत बाबा गेले. त्यानंतर मुलाने आईशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. बाईही काही कमी नव्हत्या. नवऱ्याने जाताना मुलासाठी निरोप सांगितला होता. 'आधी माझ्याशी नीट बोलू दे, मग सांगेन' म्हणत बाईंनी तो पोटातच ठेवला. मुलगा नीट बोलला नाही आणि यांनी सांगितलं नाही.

आता म्हातारपणी बाईंची स्मरणशक्ती दगा देत होती. शेजारणीचं नाव ओठांवर येऊन परत जायचं. निरोप होता एवढं आठवायचं, काय होता ते मात्र कधीच पुसलं गेलं होतं. जे आठवेल ते लगेच लिहून ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण नव्या लॅपटॉपवर बाईंचं मन लागेना. "शब्द पुरा व्हायच्या आत शहाणपणा शिकवतो मेला! खाली लाल रेघा काय ओढतो!" त्यांना हवं होतं क्लासमधलं ते जुनं सॉफ्टवेअर. काळा पडदा, हिरवी अक्षरं, माउस नाही की चित्रं नाहीत, सगळा कारभार बोटांवर.

एके दिवशी मुलाने माळ्यावर पडलेला क्लासचा जुना कॉम्प्युटर दुरुस्त करून त्यांच्या खोलीत आणून मांडला. बाईंना भरून आलं. एवढ्या वर्षांनी का होईना, पोराचा राग निवळला म्हणायचा.

हिरवी अक्षरं उमटली आणि बोटं आपसूक धावायला लागली. तोच जड कळांचा खडखडाट, तीच पंख्याची घरघर. बाई हरखून हसल्या. आणि त्या खडखडाटात, ध्यानीमनी नसताना, त्यांना नवऱ्याचा आवाज ऐकू आला. निरोप! शब्द न् शब्द! त्या अधाशासारख्या टाइप करत सुटल्या. सेव्हच्या कळा त्यांना झोपेतही सापडल्या असत्या. पण लॅपटॉपने वाईट खोड लावली होती, तो आपला आपणच सेव्ह करायचा. बोटं त्या कळांकडे वळलीच नाहीत.

मुलगा अनवाणी आत आला. पडद्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. वाकून त्याने प्लग उपटला.

"सेव्ह केलं होतंस ना, आई?" त्याने अगदी गोड आवाजात विचारलं.

बाईंनी पदर डोळ्यांना लावला.

"रडतेस काय? दुसऱ्यांदा लिहिलेलं पहिल्यापेक्षा चांगलंच होतं."

या एका वाक्यासाठी त्याने मशीन दुरुस्त केलं होतं, हे बाईंना तेव्हा कळलं.

"अरे, तुझ्या बाबांचा निरोप होता तो," त्या म्हणाल्या. "जाताना तुझ्यासाठी सांगितलेला. आत्ता आठवला होता."

मुलाचा चेहरा खर्रकन उतरला. त्याने घाईघाईने प्लग परत खोचला. पडदा उजळला, पण कोरा. "तोंडाने सांग ना, आई. काय म्हणाले बाबा? सांग ना गं!"

बाईंनी बोटं कळांवर ठेवली आणि डोळे मिटले. पंखा घरघरत राहिला.

"आई, आठव ना!"

"आत्ताच तर लिहिलं होतं रे मी," बाई म्हणाल्या, आणि कोऱ्या पडद्यावर शोधायला लागल्या.