नाकाचा होकार

"नाक काय म्हणतंय?" चालकाने पुढून ओरडून विचारलं. आमचे हे लाँचच्या मागच्या टोकाला पालथे पडले होते आणि त्यांचं डोकं इंजिनाच्या कप्प्यात होतं. लोक त्यांना ओलांडून जागा पकडत होते. एकाने त्यांच्या पोटरीवर पाय दिला, वळूनही पाहिलं नाही. धक्क्यावरच्या तिकीट खिडकीतून मी हे रोज बघते आणि मला रोज किळस येते. लोकांची, त्या कप्प्याची आणि खरं सांगायचं तर यांचीही.

त्या कप्प्याच्या तळाशी काय नसतं? काळं तेलकट पाणी, केस, बिस्किटांचे कागद, फुगून वर आलेली झुरळं, आणि लाटांनी कुणाला मळमळलं की फटीतून झिरपलेलं तेही. त्यावर पेट्रोलचा डोक्यात चढणारा वास. तो यांच्या केसांत, कानांत, नखांत कायमचा मुक्कामाला आलेला. लग्न झाल्यापासून मी यांचे कपडे चिमटीत धरून वेगळ्या बादलीत टाकते.

यांना मात्र त्या घाणीनेच मान मिळवून दिला. पेट्रोलची वाफ जड, ती वर येत नाही, तळाशी दबा धरून बसते. एक ठिणगी पडली की लाँच आणि माणसं, सगळ्यांचा निकाल. म्हणून आधी पंखा लावायचा, तो पाइपाने तळातली हवा बाहेर ओढतो. मग यांनी झाकण उघडून नाक आत घालायचं आणि "चल" म्हणायचं. त्याआधी चालक किल्लीला हात लावत नाही. धक्क्यावर यांना नावाने कुणीच हाक मारत नाही. सगळे 'नाक' म्हणतात, आणि हे ओ देतात, जणू सरकारने पदवी दिली आहे.

त्या नाकाचं दिवाळं वाजलं होतं आणि ते फक्त आम्हा दोघांना ठाऊक होतं.

मध्ये यांना ताप येऊन गेला. त्यानंतर एकदा घरात कपाटामागे उंदीर मेला. पदर नाकाला लावून मी सगळं घर पालथं घालत होते, आणि हे त्याच कपाटाला टेकून शांतपणे जेवत होते. वर मलाच विचारलं, काय हरवलंय म्हणून. मी समजायचं ते समजले. यांनी आधी कानावर हात ठेवले, मग वास येत नसल्याचं कबूल केलं. येईल परत, म्हणाले. तोवर पंखा आहे, बाहेरच्या जाळीशी हात धरला की वारा लागतो, तेवढ्यावर भागतंय. कुठे बोलू नकोस. त्या उंदरापेक्षा मला या बोलण्याची जास्त शिसारी आली. म्हटलं, या आठवड्यात लाँचच्या मालकाला तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते. आठवडा सरत आला होता आणि हे पालथे पडून वास घेतल्याचं सोंग करत होते.

त्या दिवशी यांचा चष्मा माझ्याकडेच राहिला होता. लाँच भरली, तशी खिडकी बंद करून मी तो द्यायला गेले. पंखा घरघरत होता, जाळीतून वाराही येत होता. मी वाकले आणि पेट्रोल असं नाकात घुसलं की डोळ्यांत पाणी आलं. पाइप पकडीतून सुटून वरच लटकत होता. पंखा वरची चांगली हवा ओढत होता आणि चांगलीच हवा बाहेर टाकत होता. खाली इंजिनाजवळचा सांधा थेंब थेंब गळत होता.

यांनी डोकं वर काढून 'चल' म्हणायला तोंड उघडलं. मी खांदा दाबला.

"अहो, पेट्रोल आहे," मी कुजबुजले. "पाइप सुटलाय म्हणा. तेवढंच म्हणा."

तेवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. कुणाला काही कळलं नसतं, उलट 'नाकाने वाचवलं' म्हणून पाठ थोपटली असती. यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग गुडघ्यांवर हात टेकून उठले.

"किल्ली काढ," चालकाला म्हणाले. "सगळ्यांना उतरव."

"का? नाकाला काय आलं?"

"नाकाला काही येत नाही. ताप आला तेव्हापासून गेलंय. आत्ता हिला आलं."

चालकाने किल्ली काढून खिशात टाकली. लोक उतरले, पण गप्प कसले बसतात. उशीर झाला म्हणून एकजण माझ्यावरच डाफरला. एका बाईने पोराला जवळ ओढलं आणि म्हणाली, "इतके दिवस आम्हाला असंच नेत होते?" हे मान खाली घालून ऐकत राहिले.

मग यांनीच सांधा आवळला, गळलेलं पुसून काढलं, पाइप तळापर्यंत नेऊन पक्का बांधला आणि पंखा बराच वेळ चालू ठेवला. चालकाला म्हणाले, आता तू बघ. तो उभ्याउभ्या वाकला. यांनी त्याला पालथं पाडलं आणि त्याची मान खाली दाबली. तो वर आला तो थुंकतच, चेहरा पार वाकडा झालेला.

"पेट्रोल?" यांनी विचारलं.

"नाही. नुसती घाण."

लोक परत चढले, लाँच सुटली. यांना कुणी थांबवलं नाही आणि कुणी बोलावलंही नाही. हे धक्क्यावर माझ्या शेजारी उभे होते.

"नुसती घाण म्हणजे कशी गं येते?" यांनी हळूच विचारलं. "तू सांग ना."

आयुष्यभर मी त्या वासाला नावं ठेवली. त्यातलं एकही तेव्हा तोंडातून निघेना.