अर्धा सूर खाली

दुपारी तीन वाजता वहिनींनी पर्समधून खोडरबर काढला आणि स्वरलिपीच्या जाड वहीतल्या एकशे बाराव्या पानावरचे दोन शब्द पुसून टाकले. ‘अर्धा खाली’, एवढेच शब्द होते. अक्षर नणंदबाईंचं. त्याखाली वहिनींच्या अक्षरात ‘बरं’ लिहिलेलं होतं, तेही पुसलं. कागदावर फुंकर मारली, चुरा झटकला, आणि गेल्या चार वर्षांत वाटलं नव्हतं इतकं त्यांना बरं वाटलं.

वहिनी ऑपेरा मंडळीत पियानो वाजवत. वाद्यवृंद शेवटच्या आठवड्यात येतो. तोवर गायकांचा सगळा सराव एकट्या पियानोवर चालतो, आणि तो पियानो वीस वर्षं वहिनींच्या ताब्यात होता. दरवानापासून व्यवस्थापकापर्यंत सगळे त्यांना वहिनीच म्हणत. कारण त्यांना मंडळीत आणणारी मुख्य गायिका ही त्यांच्या नवऱ्याची सख्खी मोठी बहीण, आणि तीच आधी तसं म्हणायची. आता ती काहीच म्हणत नव्हती.

चार वर्षांपूर्वी वहिनींचे यजमान गेले तेव्हा नणंदबाई दौऱ्यावर होत्या. वहिनींनी तीनदा फोन केला आणि तिन्ही वेळा निरोप ठेवला. शोकसभेत नणंदबाई उभ्या राहिल्या आणि भरल्या गळ्याने म्हणाल्या, “माझ्या भावाचं शेवटचं तोंडसुद्धा मला बघू दिलं नाही. कळवलंच नाही कुणी.” सगळ्या सभागृहाने मान वळवून वहिनींकडे पाहिलं. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद.

पण पोटापाण्याचं काम एका खोलीत, एका वहीवर. मग भांडण वहीत उतरलं. पियानोच्या कडेला एक पेन्सिल पडलेली असे, जिला बोलायचं ती समासात लिही. ‘इथे धावू नका, गाडी सुटत नाहीये.’ त्याखाली वहिनींचं उत्तर: ‘धावत नाही. तुम्ही झोपलेल्या असता.’ मंडळीचे जुने-नवे सगळे ऑपेरा त्या एकाच जाड वहीत बांधलेले होते, आणि चार वर्षांत तिचे समास असे भरले होते, की मूळ संगीत शोधावं लागे.

आठ महिन्यांपूर्वी एका सकाळी एकशे बाराव्या पानावर, नव्या ऑपेरातल्या मुख्य गाण्याच्या समासात आलं, ‘आज घसा बसलाय. अर्धा खाली.’ म्हणजे सगळं गाणं छापलंय त्यापेक्षा अर्धा सूर खालच्या पट्टीत वाजवा. वहिनींनी वाजवलं. हातात असलेली कला होती, त्यात काही विशेष नव्हतं. दुसऱ्या दिवशी ‘आज’ गेलं, तिसऱ्या दिवशी घसाही गेला, ‘अर्धा खाली’ तेवढं राहिलं. वहिनी काय समजायचं ते समजल्या. छप्पन्नाव्या वर्षी नणंदबाईंचा आवाज वरच्या टोकाला पोचेनासा झाला होता. हे जगात दोघींनाच ठाऊक होतं, आणि त्यातली एक वहिनी होत्या. हुकमाचा एक्का असा आयता हातात आल्यावर कोण टाकून देतं? वहिनींनी तो आठ महिने जपून ठेवला.

आज तो टाकायचा दिवस होता; वहीत उलटा पुरावा सापडू नये म्हणूनच दुपारी ते शब्द पुसले होते. नव्या ऑपेराची ओळख करून देणारी संध्याकाळ होती, वस्तीतल्या लोकांसाठी, मोफत, वर चहा-बिस्किटं. आणि नवा वाद्यवृंद-संचालक थेट स्टेशनवरून तिथेच येणार होता. कपावर चमचा आपटला तरी कुठला सूर वाजला ते हा माणूस सांगतो, अशी त्याची ख्याती. वाद्यवृंदाच्या तालमी आठ दिवसांनी सुरू होणार, आणि त्याआधी भूमिका बदलायचा त्याला पूर्ण अधिकार. नणंदबाईंच्या जागी ऐनवेळी उभी राहायला नेमलेली गायिका कोण, तर वहिनींची लेक. सत्तावीस वर्षांची, तीन वर्षं कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेली. “मी आडवी झाले की तू उभी राहा हं,” असं आत्या तिला सगळ्यांदेखत म्हणायची आणि लोक हसायचे. वहिनींना ते हसू एकेक करून पाठ होतं.

लेकीला खालच्या पट्टीचं काहीच माहीत नव्हतं. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही, म्हणून वहिनींनी सांगितलं नाही. ती रोज कोपऱ्यात बसून सराव फोनवर भरून घ्यायची, बसमध्ये ऐकायची, घरी स्वयंपाकघरात त्याच्याबरोबर गायची. घरच्या पियानोचा उपयोग नव्हता. त्याच्यावर घडी न घातलेल्या कपड्यांचा ढीग कायमचा मुक्कामाला होता. दिवसभर दुसऱ्यांसाठी वाजवून आलेल्या वहिनींना तो ढीग उचलावासा कधी वाटला नाही.

संध्याकाळचं सभागृह म्हणजे एरवी बॅडमिंटनचं मैदान. जमिनीवरच्या पांढऱ्या रेषांवर खुर्च्या मांडल्या होत्या आणि जाळी गुंडाळून कोपऱ्यात उभी केली होती. शंभरेक माणसं आली होती. निम्मी चहासाठी आणि उरलेली तक्रार करायला. पहिल्याच रांगेत एक निवृत्त गृहस्थ खेळायच्या कपड्यांत, मांडीवर रॅकेट घेऊन बसले होते.

“आमचा खेळ बंद करून हे काय चाललंय?” त्यांनी व्यवस्थापकाला विचारलं.

“फक्त आजच्या दिवस, काका. संगीताची ओळख.”

“आमची नकोय ओळख.”

व्यवस्थापकाने तोंडभर हसून माइक हातात घेतला आणि नव्या कंडक्टरांचं स्वागत केलं. “तिकीट नाही तर कंडक्टर कशाला?” काका मोठ्याने म्हणाले, आणि त्या संध्याकाळचं पहिलं हसू त्यांनी मिळवलं. संचालक चौथ्या रांगेत बसला होता, उंच, किडकिडीत, ओव्हरकोट अंगातच. तो हसला नाही. वहिनींनी मुद्दाम पाहिलं.

व्यवस्थापकाने गोष्ट सांगितली. नावाडी वादळात गेलाय, त्याची बायको काठावर उभी राहून त्याला हाका मारते. मग नणंदबाई आल्या. काळा पोशाख, मोत्यांची माळ. पियानोकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. गाण्याच्या पहिल्या चार ओळींना कसलीच साथ नाही, नुसता आवाज, पाचव्या ओळीला पियानो येतो. त्यामुळे सगळे गायक आधी पियानोवर सूर मागून घेतात. नणंदबाई मागत नसत. “मला हवेतून सूर मिळतो,” असं त्या मुलाखतींत सांगत, आणि या फुशारकीचा वहिनींना आयुष्यात पहिल्यांदा आनंद झाला. आठ महिन्यांच्या सवयीने गळा कुठे जाऊन बसणार, ते त्यांना पक्कं माहीत होतं.

नणंदबाईंनी हवेतून सूर घेतला. बरोब्बर अर्धा खाली.

चार ओळी सुरेख झाल्या. काकासुद्धा गप्प होते. पाचव्या ओळीवर वहिनींनी दोन्ही हात ठेवले आणि छापलं होतं ते, जसंच्या तसं, वाजवलं.

दातांखाली खडा आल्यासारखं सगळं सभागृह कळवळलं. मागे कुणीतरी “अरे देवा” म्हणालं. नणंदबाई दोन शब्द रेटत गेल्या आणि थांबल्या. मग चार वर्षांत पहिल्यांदा त्या वहिनींकडे वळल्या. डोळ्यांत नुसता जाळ, ओठांवर हसू.

“माफ करा हं,” त्या लोकांना म्हणाल्या, “आमच्या पियानोवाल्या बाईंची पट्टी चुकली. वय होतं माणसाचं.”

लोक हसले. वहिनी मांडीवर हात ठेवून स्वस्थ बसल्या. हे वाक्य येणार हेही त्यांना माहीत होतं.

“नाही,” चौथ्या रांगेतून आवाज आला. संचालक उभा राहिला होता. “पियानो बरोबर आहे. छापलंय तेच वाजलं. आपण अर्धा सूर खाली होता. पुन्हा घेऊ या का, सूर मागून?”

नणंदबाईंचा हात माळेवर गेला. त्या त्याच्याकडे, मग पियानोकडे, मग वरच्या छताकडे बघत राहिल्या, जिथे गाण्याचा शेवटचा, सगळ्यात वरचा सूर होता. “माझा घसा आज ठीक नाही,” असं म्हणून त्या निघून गेल्या.

“झालं? एवढंच?” काका म्हणाले. “याच्यासाठी जाळी काढली?”

व्यवस्थापकाने घाईघाईने चहा आधी जाहीर केला. वीस मिनिटं कपबशांचा खणखणाट आणि कुजबुज. वहिनींनी दोन बिस्किटं खाल्ली आणि ती त्यांना गोड लागली. संचालक व्यवस्थापकाशी बोलत होता, आणि व्यवस्थापकाने बोट केलं ते थेट त्यांच्या लेकीकडे.

लेक पुढे आली तेव्हा कानापर्यंत लाल झाली होती. वहिनींनी सूर द्यायला बोट पुढे केलं. तिने मान हलवली.

“घे गं सूर,” वहिनी दबक्या आवाजात म्हणाल्या.

“नको आई. आत्या घेत नाही, मीही घेत नाही. रोज तर गाते.”

आणि ती गायला लागली.

आठ महिने रोज कानावर पडलेला सूर ओळखायला वहिनींना पियानो लागत नव्हता. पहिल्या शब्दालाच त्यांनी तो ओळखला. अर्धा खाली. तो सूर आत्याचा नव्हता, हवेतला नव्हता, वहिनींच्याच बोटांचा होता. कोपऱ्यातल्या खुर्चीवर, फोनमध्ये, बसमध्ये, स्वयंपाकघरात त्यांनीच तो थेंबाथेंबाने मुलीच्या गळ्यात ओतला होता. नणंदेसाठी खड्डा खणताना आत कोण बसलंय हे त्यांनी वाकून पाहिलंच नव्हतं.

चार ओळी. पहिली गेली, दुसरी गेली. छापलंय तसं वाजवलं तर मघाचाच तमाशा, आणि या वेळी पोरीचा. खाली वाजवलं तर पोर वाचेल, पण पट्टी उतरवण्याचा हात किती सराईत आहे, ते चौथ्या रांगेतल्या कानांना पहिल्याच सुराला कळेल. तिसऱ्या ओळीत लेकीने नावाड्याला हाक मारली आणि पहिल्या रांगेतलं रॅकेट मांडीवरून खाली घसरलं. काकांना ते कळलं नाही.

पाचव्या ओळीवर वहिनींनी हात ठेवले आणि अर्धा सूर खाली वाजवलं. एकही स्वर अडखळला नाही. शेवटचा वरचा सूर लेकीने असा घेतला, की जाळीचे खांब थरथरले असतील. टाळ्या थांबेनात. “हां, हे बरं होतं!” काका ओरडले.

संचालकाने टाळ्या वाजवल्या नाहीत. लोक पांगेपर्यंत तो थांबला, मग पियानोपाशी आला आणि त्याने वही उघडली. नणंदबाईही कोट घालून दाराशी थांबल्या होत्या. घसा ठीक नसलेली माणसं एरवी लवकर घरी जातात.

“किती दिवस चाललंय हे?” त्याने विचारलं.

“आठ महिने.”

“कुणी सांगितलं?”

वहिनींनी एकशे बारावं पान पाहिलं. समास भांडणांनी भरलेला होता, आणि बरोब्बर गाण्याच्या डोक्यावर दोन बोटं जागा कोरी, घासून पांढरी झालेली. पुरावा त्यांनी स्वतःच्या हाताने झटकून टाकला होता. त्यांनी दाराकडे पाहिलं.

“मला कसं कळणार?” नणंदबाई म्हणाल्या. “मी आपली पियानो वाजेल त्या पट्टीत गाते.”

“तुम्हाला तर हवेतून मिळतो ना?” वहिनींनी विचारलं. चार वर्षांतलं पहिलं वाक्य. नणंदबाईंनी कोटाचं वरचं बटण लावलं. उत्तराची त्यांना गरजच नव्हती.

“मीच वाजवलं,” वहिनी संचालकाला म्हणाल्या. “हिला माहीत नव्हतं. माझ्या मुलीला.”

“ते दिसलं मला.” त्याने वही मिटली. “उद्यापासून सरावाला दुसरं कुणीतरी बसेल. आठ दिवसांनी वाद्यवृंदाबरोबर दोघींना ऐकेन. वाद्यवृंद छापलंय तेच वाजवतो.” मग लेकीकडे वळून त्याने विचारलं, “जमेल?”

लेक आईकडे बघत होती. रागाने तिची हनुवटी थरथरत होती. तीन वर्षं आत्याचे टोमणे ऐकले तेव्हाही ती अशी थरथरली नव्हती.

“जमेल,” ती म्हणाली.

बसमध्ये ती दोन सीट सोडून बसली. वहिनींनी एकदा हाक मारली, दोनदा मारली. “अगं, तुझ्यासाठीच केलं ना मी,” असंही म्हणून पाहिलं. लेकीने कानात फोनची बोंडं घातली, मग एकदम आठवण झाल्यासारखी उपटून काढली आणि काचेबाहेर बघत राहिली. घरी आल्यावर ती सरळ खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतलं.

वहिनींनी स्वरलिपीची वही जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि चेहरा धुवायला गेल्या. परत आल्या तेव्हा वही उघडी होती, एकशे बाराव्या पानावर. घासून पांढऱ्या झालेल्या त्या दोन बोटं जागेत पेन्सिलीने नवं काहीतरी लिहिलेलं होतं. अक्षर लेकीचं.

‘उद्या सकाळी सहा. घरच्या पियानोवर. छापलंय त्या पट्टीत. बोलायचं नाही.’

वहिनींनी ते दोनदा वाचलं. मग त्यांनी पर्समधून पेन्सिल शोधून काढली, खाली ‘बरं’ लिहिलं, आणि पियानोवरचे कपडे उचलायला लागल्या.