झोळीमागची भिंत

"कौतुकानं फुगू नको. हात फिरायचे थांबले की तुझं कुणी न्हाय," मला उभारताना महालिंगप्पा मिस्त्री म्हणाले होते. ओल्या मातीशी बोलायची त्यांना सवयच होती. मी ते हसण्यावारी नेलं.

मित्रांनो, मी तुळजापूरच्या रस्त्यावरच्या एका हॉटेलाची मातीची भिंत आहे. वयाने फार नाही, पण आतून पार जुनी झाले आहे.

हॉटेलामागच्या रानातलीच माती, भुसा आणि शेण कालवून मला घडवलं. मालकीण अर्पिता तेव्हा नवी नवरी होती. पदर खोचून तीही चिखल तुडवायला उतरली. भांडी धुतलेलं पाणी कर्दळीच्या वाफ्यातून निवळून मागच्या भाजीला जायचं, आणि तिथला चुका, शेपू, अंबाडी खुडून थेट चुलीवर. भर उन्हाळ्यात माझ्या आडोशाला पंखा लागत नसे. गिऱ्हाइकं माझ्यावर हात फिरवून फोटो काढायची. दरसाल घट बसायच्या आधी अर्पिता मला स्वतः सारवायची. तिच्या बोटांच्या खुणा अंगावर घेऊन मी वर्षभर मिरवायचे.

मग तिला लेक झाली, शिवकन्या. माझ्याजवळ गारवा असतो म्हणून तिची झोळी इथंच बांधली. एक टोक माझ्यातल्या खुंटीला, दुसरं लाकडी खांबाला. लेकरू पहिल्यांदा माझ्या कुशीत निजलं, तेव्हा भिंत असण्याचं सार्थक वाटलं.

त्याच वर्षी नवरात्राच्या तोंडावर गर्दी वाढली. सारवायला सवड कुणाला? दरसालची कटकट नको, सिमेंटचा गिलावा करून टाकू, असं अर्पिताचा नवरा रणधीर म्हणाला. ती काही बोलेल म्हणून मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. ती गिऱ्हाइकांची ताटं वाढायला वळली. गिलाव्याला वरून मातीचा रंग दिला. गाड्या लावायला जागा हवी म्हणून कर्दळ उपटली. आता भांड्यांचं पाणी माझ्या पायाशी मुरतं. ओल आत येते, पण गिलाव्यामुळे बाहेर पडत नाही. भाजी बाजारातून येते. दारावरची पाटी मात्र तशीच आहे : 'आमच्या रानातलं, आमच्या मातीतलं'.

परवा भाकरी थापणाऱ्या नागम्मामावशींचा हात माझ्यावर आपटला. त्या थबकल्या.

"मालक, भिंत पोकळ वाजतीया. लेकराची झोळी हलवा इथनं."

"भिंत हाय का तबला, मावशी? तिकडं भाकरी करपायलीय बघा," रणधीर हसला.

अर्पिता मात्र जवळ आली. किती दिवसांनी तिने माझ्यावर तळवा ठेवला! पण तिच्या हाताला सिमेंटच लागलं, कोरडं आणि टणक.

"पक्की तर आहे की," ती म्हणाली आणि झोळीला झोका देऊन गेली.

मित्रांनो, खुंटीभोवतीची माती सुटली आहे. प्रत्येक झोक्याला ती आतल्या आत सांडते. ज्या हातांनी मला घडवलं, त्यांनीच मला झाकून टाकलं, याचा राग माझ्या मनात आहे. मातीचं घर बांधलं तर त्याची निगाही राखा, एवढंच माझं मागणं. पण ते नंतर.

त्या रस्त्याने गेलात तर आधी माझ्याजवळ या आणि झोळीत शिवकन्या आहे का ते बघा. झोप मोडली तरी चालेल, तिला उचलून बाहेर न्या.