टपावरचं ऊन

सिंचन खात्यातून निवृत्त झालेल्या गोपाळकृष्णरावांनी हायब्रिड गाडी घेतली आणि ती चालता चालता आपली बॅटरी आपणच भरते, हे बालाघाटात भेटेल त्याला सांगितलं. सांगायला कोणी उरलं नाही तेव्हा त्यांनी गाडीच्या टपावर सोलर पॅनल बसवायचं काढलं. शोरूमवाल्यांनी हात जोडले. मग बाजारातल्या इन्व्हर्टरवाल्या धर्मेंद्रनं टपावर कॅरिअर ठोकून दोन पॅनल बसवून दिले.

पूर्वी आंब्याखाली उभी राहणारी गाडी आता ऊन शोधत फिरू लागली. सकाळी फाटकापाशी, दुपारी रस्त्यापलीकडे, मग शेजारच्या हिरालालच्या कुंपणाला लागून. दर वेळी राव ती सुरू करून हलवत. आत भट्टी पेटलेली असे, म्हणून कुठं निघायचं तर आधी बराच वेळ एसी चालू. भाजीला मात्र ते ऑटोनं जात. भर उन्हात गाडी बाहेर काढणं त्यांना नासाडी वाटे. पेट्रोल पहिल्यापेक्षा जास्त लागतं, असं त्यांच्या बायकोनं, प्रेमलताबाईंनी एकदा सुचवून पाहिलं. रावांच्या मते तो पंपावरच्या मापाचा दोष होता.

मार्चात बाईंच्या भाचीचं, समीक्षाचं, लामत्याला साक्षगंध होतं, म्हणजे साखरपुडा. अर्ध्या वाटेत गाडीतल्या पडद्यावर बॅटरी जरा उतरलेली दिसली, तशी रावांनी गाडी उन्हात लावली आणि स्वतः मोहाच्या सावलीत जाऊन बसले.

"पेट्रोल सरलं का?" बाईंनी विचारलं.

"टाकी भरली हाये. पण सूर्य फुकट देऊन राह्यला, तं जाळाचं काहून?"

पिशवी उचलून बाईंनी मागून आलेल्या बसला हात दाखवला आणि चढून गेल्या. गाडीवरचा भार तेवढाच हलका झाला, असं रावांना वाटलं.

ते पोचले तेव्हा पंगती उठल्या होत्या. पण उशिराचं कोणी काढलंच नाही, कारण नवरीला सोडून सगळे गाडीभोवती जमले. मुलाचे वडील हेमराज मलाजखंडला ठेकेदारी करत. पॅनलवर बोटानं टकटक करत त्यांनी खूप प्रश्न विचारले, आणि उपाशी पोटी राव रंगात आले. पेट्रोल पंपाचं तोंड पाहून किती दिवस झाले, तेही आठवत नाही म्हणाले. तेवढ्यात बाई चहा घेऊन आल्या.

"बाई, खरंच फायदा हाये का याचा?" हेमराजनी विचारलं.

राव रुमालानं पॅनल पुसू लागले. बाईंनी नवऱ्याच्या सुकलेल्या तोंडाकडं पाहिलं.

"हौ," त्या म्हणाल्या. "हे दिवसभर गाडीमागं असतात. मले घरात लय शांतता हाये."

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. बायको शेवटी विज्ञानाच्या बाजूनं आली, याचं रावांना समाधान वाटलं.

हेमराजनी तिथंच धर्मेंद्रचा नंबर घेतला आणि त्याच आठवड्यात आपल्या साध्या डिझेल जीपवर तीन पॅनल चढवले. त्यातली वीज कुठं जाते, हे त्यांनी विचारलं नाही आणि रावांनीही सांगितलं नाही. आता दोघं रोज फोनवर एकमेकांच्या गावच्या उन्हाची चौकशी करतात.